काकूंची करवंटी

आज बाल्कनीत करवंट्यांमध्ये गहू पेरले आणि ओल्या मातीच्या वासाबरोबर कोर्लई गावातल्या आमच्या घराचं अंगणच समोर आलं.

नाताळच्या गोठ्यात बाळ येशूभोवती हिरवं गवत हवं, म्हणून आम्ही दरवर्षी असेच गहू पेरायचो. त्या वर्षी मावशीला बाळ झालं, म्हणून करवंट्या शेजारच्या सुमनकाकूंवर सोपवून आम्ही वसईला गेलो. नाताळच्या आदल्या दिवशी परतलो, तशी मी धावतच काकूंकडे गेले. त्यांनी ऐटीत करवंट्यांवर झाकलेली टोपली उचलली. खाली वीतभर गवत, पण पिवळंधमक! नवरात्रातल्या घटासारखं त्यांनी ते अंधारात जपलं होतं.

"बघ गो, कसं सोन्यावानी आलंय!"

मला रडूच फुटलं. मागून आलेल्या आईने मात्र टाळी वाजवली. "अगं, गोठ्यात पेंढा असतो ना? मग पिवळाच हवा!"

संध्याकाळी घरी केलेल्या कागदी चांदणीखाली आमचा गोठा असा काही झळकला, की अख्खी आळी बघायला लोटली. काकू दारातच उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, "आमच्या देवघरात उगवलंय हो!"

आजही सगळ्या करवंट्या मी उन्हात ठेवते. एक मात्र टोपलीखाली झाकते. ती काकूंची.