मागून वाचणाऱ्या इंदूअक्का

नवं जर्नल हातात आलं की इंदूअक्का ते उभ्याउभ्याच शेवटून उघडायच्या. लेख कशावर आहे, कोणी लिहिलाय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शेवटच्या पानांवरच्या संदर्भांच्या यादीवरून त्यांचं बोट सरसर खाली उतरे. स्वतःचं नाव सापडलं तर तिथंच थांबे. नाही सापडलं की अंक माझ्या टेबलावर आदळून त्या पुन्हा व्हरांड्यात फेऱ्या मारू लागत. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या अक्का मी फारशा पाहिल्याच नाहीत.

नव्वदच्या सुमारास मी हुबळीतल्या एका मेडिकल कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले, तेव्हा त्या तिथं रीडर होत्या. गावातच केशवापूर भागात एकट्याच राहायच्या. मेंदू आणि स्मरणशक्ती हा त्यांचा विषय. पहिल्याच दिवशी मला जर्नल पहिल्या पानापासून वाचताना पाहून म्हणाल्या, “पुढून काय वाचतेस? पुढून सगळेच शहाणे. मागून बघ की, कोण कुणाच्या जिवावर उभा आहे ते कळतंय.”

त्यांचा स्वतःचा एक लेख चांगलाच गाजला होता. ब्राह्मीचा अर्क दिलेले उंदीर भूलभुलैयातली वाट लवकर शिकतात, असं त्यात त्यांनी दाखवलं होतं. परदेशातले लोक त्याचा हवाला देत, आणि असा हवाला दिसला की सगळ्या विभागाला पेढे मिळत. प्रोफेसरच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती. त्यांची सारी भिस्त या एका लेखावर होती.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, तेव्हा आम्ही दोघी उंदरांच्या खोल्यांसमोर उभ्या होतो. दोन्ही खोल्या बिनखिडक्यांच्या, शेजारीशेजारी. एक अंधारात बुडाली, दुसरीतला दिवा मात्र चालूच राहिला. ती खोली हॉस्पिटलच्या जनरेटरच्या लायनीवर होती. रोजच्या लोडशेडिंगची इतकी सवय, की लाइट गेली म्हणजे सगळीकडेच गेली, असं विभागात सगळेच इतकी वर्षं धरून चालले होते. “ब्राह्मीवाले कुठल्या खोलीत होते गं?” अक्कांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. ब्राह्मीवाले अंधाराच्या खोलीत होते, बिनब्राह्मीचे उजेडाच्या, आणि उंदीर अंधारातच तरतरीत असतात. ती हुशारी ब्राह्मीची की लोडशेडिंगची, हे सांगायची आता सोयच उरली नव्हती.

विभागप्रमुखांनी त्यांची परोपरीनं समजूत घातली. “इर्ली बिडु अक्का, असू द्या. मुलाखत होऊ दे, मग जर्नलला कळवा.”

अक्का त्यांच्या टेबलासमोर येरझारा घालत होत्या. म्हणाल्या, “तोवर तिकडं कुणीतरी याच्यावर पुढचं काम उभं करील की सर. त्याची वर्षं मी कुठनं भरून देऊ?”

दुरुस्ती त्याच आठवड्यात रवाना झाली आणि यथावकाश छापूनही आली. प्रोफेसरची जागा दुसऱ्याला मिळाली. मला त्याचा आजही राग येतो.

पुढे कॉलेजात इंटरनेट आलं आणि खरा घोर तेव्हा लागला. जुन्या लेखाचे हवाले वाढतच चालले होते. दुरुस्तीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्या नावासाठी अक्का जीव टाकायच्या, ते दिसलं की आता त्यांचा चेहरा उतरे. मी एकदा म्हटलं, अक्का, जग तुम्हाला मानतंय, घ्या की मानून. त्यावर म्हणाल्या, “मला नाही गं मानत. लाइट गेली होती, तिला मानतंय.” निवृत्तीनंतरही त्या बस पकडून ग्रंथालयात येत, नवे अंक मागून चाळत आणि नाव सापडलं की त्या लेखकाला पत्र धाडत. उत्तरं क्वचितच येत.

शेवटच्या दुखण्यात त्यांना उठून चालण्याची मनाई होती. त्यांच्यासाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. पांघरुणाखाली पाय सारखे हलत असत. मी नवा अंक घेऊन भेटायला गेले आणि त्यात त्यांचं नाव असल्याचं सांगितलं. त्या कोपरावर उठल्या.

“कुठला? लेख की दुरुस्ती?”

खोटं सांगावंसं फार वाटलं. इतक्या वर्षांत एकदा तरी त्यांना ‘दुरुस्ती’ असं ऐकायला मिळावं, असं वाटलं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जमलं नाही.

“लेखच, अक्का.”

“मग लिही त्यांना,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन नको. इथंच बस आणि लिही.”

मी लिहिलं. त्यांनी सही केली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता मीही जर्नल मागूनच उघडते. त्यांचं नाव अजून सापडतं, आणि अजूनही ते लेखापुढंच असतं. मग मी कागद पुढे ओढते.