अजून दोन क्लिक

सासरच्या माणसांना नावाऐवजी किलोंनी ओळखणारा जावई जगात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतात. दारात पाहुणा उभा राहिला की ते त्याला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि मग "या, या" म्हणतात. मी गेलो की "अठ्ठ्याहत्तर आला गं" अशी वर्दी आत जाते. बाजारातली कोळीण सुरमईचं वजन नुसतं बघून सांगते तसं हे माणसाचं सांगतात, आणि तिच्यासारखंच वर वाद घालू देत नाहीत.

हे वेड लागलं सायकलीपायी. ताईला सायकलचा भारी नाद. पूर्वी रविवारी सकाळी ही दोघं मार्व्याच्या जेट्टीवर सायकली बोटीत चढवून मनोरीला जायची आणि किनाऱ्यावर भटकून जेवायच्या वेळेला घरी यायची. दोन वर्षांपूर्वी ताईच्या मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं. चालायला लागल्यावर तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो सायकलचाच. डॉक्टर म्हणाले, "चालवा, पण पाठीला धक्का बसता कामा नये." आमच्या उपनगरातल्या रस्त्यांवर! ताईने मनोरीचं नाव काढणं सोडलं. भावोजींनी मात्र डॉक्टरांचा शब्द अन् शब्द खरा धरला आणि पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, डोंगरात चालवतात तसली सायकल स्वतः जोडायला घेतली. ती चढावर दमू नये, उतारावर उसळू नये, मनोरीच्या वाळूत रुतू नये आणि खड्ड्यातून जाताना ताईच्या मणक्याला खबरही लागू नये, एवढ्याच त्यांच्या माफक अपेक्षा होत्या.

या माफक अपेक्षांनी सगळं घर व्यापलं. झोपाळा काढून त्याच्या कड्यांना सांगाडा टांगला गेला, चाकं दिवाणाखाली आणि दातेरी चकत्या फ्रीजवर. लाडवांचा रवा मोजायच्या काट्यावर पेडल, सीट, अगदी एकेक स्क्रूसुद्धा चढला. मी एकदा मुक्कामाला होतो, तर सकाळी हे माझ्या टूथब्रशने चेन घासत बसलेले. वर मलाच म्हणतात, "असा मऊ ब्रश हल्ली मिळत नाही रे, झकास आहे."

सायकल उभी राहिली आणि खरा छळ सुरू झाला. असल्या सायकलीच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीत, हवा भरायची असते, आणि ती बसणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबाने. माणूस बसला की शॉक दबतो आणि त्यावरचं रबरी वळं सरकतं. पाव भाग सरकलं तर हवा बरोबर. त्याहून कमी सरकलं तर सायकल कडक आणि खड्डा थेट पाठीत. सगळं नीट जमेपर्यंत ताईला सीटवर बसू द्यायचं नाही असा भावोजींचा पण, म्हणून तिच्या वजनाचा माणूस हवा होता. तो सापडला सोसायटीच्या सेक्रेटरींमध्ये. बरोब्बर बासष्ट किलो! जिन्यात सायकल धुतल्याबद्दल यांनीच भावोजींना नोटीस दिली होती. आता दर रविवारी तेच सीटवर बसून "अजून जरा सॉफ्ट करा ना यार" म्हणायला लागले. मला तर माझ्यापुरती हवा वाढवून, तोंडात पाण्याची गुळणी धरून सायकल गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवरून न्यावी लागे. थेंब सांडला की सायकल नापास. एकदा समोरून शेजारच्या काकूंनी "कधी आलास रे?" विचारलं आणि मी गाल फुगवून तसाच पुढे गेलो. मला शिंगं फुटल्याचं त्यांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

शॉकवर उसळी कमीजास्त करायची एक लाल चकती असते, फिरवली की टकटक वाजते. ताईने "झाली का हो?" विचारलं की भावोजी ती चकती धरून म्हणायचे, "झालीच. अजून दोन क्लिक." असं वर्ष गेलं.

एका रविवारी ताईने ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "तुमचे क्लिक गेले खड्ड्यात. आज मी बसणार." भावोजींनी मुकाट्याने सायकल धरली, ती बसली, आणि ते वाकून बघायला लागले. वळं जेमतेम हललं होतं. त्यांनी पंप बदडला, त्याच्या काट्याला शिव्या घातल्या, शेवटी सेक्रेटरींना हाक मारली. सेक्रेटरी बसले तर वळं अगदी जागेवर. मग लग्नाला तीस वर्षं झाल्यावर भावोजींनी बायकोला पहिल्यांदा विचारलं, "तुझं वजन किती गं?"

"पन्नास. ऑपरेशननंतर उतरलं ते उतरलंच."

"बासष्ट ना?"

"कधी होतं?"

भावोजींनी पाकिटातून एक पुठ्ठ्याचं तिकीट काढलं. ताईचं, स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यावरचं, बारा-तेरा वर्षांपूर्वीचं, कडा झिजलेलं. एका बाजूला बासष्ट किलो आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, 'प्रवासाचा योग आहे'. सगळ्या बिल्डिंगला नजरेने तोलणाऱ्या या माणसाने घरातल्या बाईकडे कधी तसं बघितलंच नव्हतं. ती त्यांच्या लेखी बासष्टच होती. ते खाली बसून हवा सोडत राहिले. हवा फुसफुसत होती आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

वळं जागेवर आलं तशी ताईने पाण्याचा घोट तोंडात घेतला, स्पीडब्रेकर ओलांडला, वळून परत आली आणि आमच्यासमोर तो घोट गिळला. "आता मनोरी," ती म्हणाली. भावोजींनी चकतीला हातसुद्धा लावला नाही.

तेव्हापासून ते कुणाचं वजन सांगत नाहीत. मी गेलो तर नुसतं "ये" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते अठ्ठ्याहत्तर ऐकायची सवय झाली होती. आता ते ताईच्या भातावर तूप वाढतात, ती नको म्हणाली की अजून वाढतात आणि तिचं पान रिकामं होईपर्यंत समोरून उठत नाहीत. रविवारी निघताना ती सीटवर बसली की वाकून वळं बघतात.

गेल्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, आज हवा वाढवावी लागली. दोन पौंड!" एवढं सांगायलाच त्यांनी फोन केला होता. मागून ताई ओरडत होती, "अहो, चला ना, बोट सुटेल!"