माडीवरची बाभूळ

चिंचवड गावठाणातल्या आमच्या घराच्या माडीच्या जमिनीला बाभळीच्या फळ्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या घरात असलं काही नव्हतं. वडील बैलगाड्या करणारे सुतार. बाभूळ हे त्यांच्या लेखी चाकाचं लाकूड. पण पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहू लागला, माल ट्रकमधून जाऊ लागला आणि नवी गाडी करून मागायला आमच्या दारात कुणी येईनासं झालं. ओढ्यात मुरवून सावलीत सुकवलेले ओंडके तसेच पडून राहिले. शेवटी वडिलांनी ते चिरून माडीला घातले. "काट्यांवर निजणारी माणसं," असं आळीतल्या बायका आम्हाला चिडवायच्या. मला लाज वाटायची. वडिलांना मात्र त्या जमिनीचा केवढा तोरा! आई तिच्यावर उखळ ठेवून मिरच्या कांडायची, तरी फळीला चरा पडायचा नाही.

त्याच माडीवर मला बघायला पाहुणे आले. मुलगा साताऱ्याकडचा, पिंपरीच्या कारखान्यात फिटर. सोबत त्याची आई. स्थळ माझ्या मामानं आणलेलं, म्हणून तोही होता. मी पोह्यांच्या बशा ठेवून खाली मान घालून बसले.

"कंपनीत काय करता?" वडिलांनी विचारलं.

"फिटर आहे. यंत्रं जोडतो."

"म्हंजे हातोडा रोज हातात आसंल."

"रोजच असतो."

वडील उठले आणि कोपऱ्यातून हातोडा अन् मूठभर खिळे घेऊन आले. "मग ह्या फळीत येक खिळा मारून दावा."

सगळ्यांना थट्टाच वाटली. दाराआडून आई म्हणाली, "अवो, आसू द्या की." पण वडील हातोडा पुढे धरून तसेच उभे. मुलानं एकदा आपल्या आईकडे पाहिलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि गुडघे टेकून बसला.

पहिला खिळा वाकला. दुसरा उडून पोह्यांच्या बशीत पडला. वडील मोठ्यानं हसले. "सागवान न्हवं हे, पाव्हणं! बाभूळ हाय." मुलाचे कान लाल झाले. तिसऱ्या वेळी त्यानं असा जोर लावला की हातोडा घसरून अंगठ्यावर बसला. नखाखालून रक्त आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही न सुचून मी तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर पाणी ओतलं. बघायला आलेल्या मुलाचा हात मी धरला होता, हे त्याच्या आईचा चेहरा पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं. ती एवढंच म्हणाली, "चल रे, निघू या." पोहे तसेच राहिले.

मामा वडिलांशी बोलेना. आईनं दोन्ही वेळा चूल पेटवली, पण जेवली नाही. मी पाणवठ्यावर जायचं टाळू लागले, कारण ती गोष्ट माझ्या आधी तिथं पोचली होती. मग एका सकाळी वडील पागोटं बांधून एकटेच पिंपरीला चालत गेले. दुपारी परतले ते ओसरीवरच बसून राहिले. आईनं पाणी दिलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "माफी मागून आलो."

"काय म्हनला त्यो?"

"त्यानं इचारलं, तुमी सोता खिळं कसं मारलं? मी म्हनलं, आदी गिरमिटानं भोक पाडलं, मग मारलं. बाभळीत सरळ खिळा कुनाच्याच बापाला ठोकता येत न्हाई." वडिलांनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. "तर म्हनला, मग मला गिरमिट का न्हाई दिलं?"

"मग?"

"काय सांगनार? मला त्यो हरायलाच हवा व्हता. त्याच्या कंपनीवर राग व्हता माजा."

वडिलांना असं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मला तिथं उभंही राहवेना.

लग्न त्याच मुलाशी झालं. त्याच्या आईला तयार व्हायला पुष्कळ वेळ लागला. कशामुळे तयार झाली, हे तिनं कधी सांगितलं नाही. पण खिळ्याची गोष्ट तिला फार आवडायची. कंपनीच्या वसाहतीतल्या नळावर ती सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या. मीही त्यांच्यात हसायचे आणि हंडा भरायच्या आतच उचलायचे. वडील भेटायला आले की मी त्यांना घाईघाईनं आत न्यायचे, कुणी काही बोलायला नको म्हणून.

एकदा मात्र शेजारणीनं त्यांना दारातच गाठलं. "हेच का हो ते, जावयाचा अंगठा फोडणारे?"

वडिलांनी पायातल्या वहाणा काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "व्हय बाई, मीच त्यो." मग आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "च्या टाक." मी चूल फुंकत राहिले. धूर होता म्हणून बरं, नाहीतर मी का रडते, हे त्यांना काय सांगितलं असतं?