गोधडीचं दुसरं टोक

एकादशीची दुपार आहे. पोटात दोन रताळी आणि घोटभर ताक, त्यामुळे झोप पुरती येत नाही आणि जागही पुरती राहत नाही. मी सतरंजीवर आडवी झाले आहे. उशाशी पाटावर एक फोटो, फोटोशेजारी कात्री, आणि कात्रीखाली मी नुकतीच कापून काढलेली बोटभर रुंदीची पट्टी. फोटो संध्याकाळी मंडळात द्यायचा आहे. डोळे मिटतात, उघडतात. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकतं आणि त्याच्याबरोबर भिंतही थोडी सरकते.

"पुन्हा कापलं वाटतं," कुणीतरी म्हणतं.

पायाशी कालिंदा बसली आहे. माझी धाकटी जाऊ. काविळीनं गेली, त्याला दोन वर्षं झाली. आता पिवळी दिसत नाही. पदर खोचलेला, बोटांना ज्वारीचं पीठ, जशी कायम असायची तशी.

"ये," मी म्हणते. जाऊ आली की ये म्हणायचं असतं, कुठूनही आलेली असो.

"आलेच आहे की. अक्का, तुम्ही वाळलात."

"तू नाही वाळलीस."

"मला काय धाड भरलीय वाळायला." ती हसते. त्या हसण्याचाही मला हेवा वाटतो. जिवंतपणी वाटायचा तसाच.

धाकट्या भाऊजींनी कॅमेरा आणला तो दोघींत एक. चूल एक, कॅमेरा एक. दर रविवारी गावातलं हौशी छायाचित्र मंडळ कृष्णाकाठी फिरायला निघायचं, त्यात आम्ही दोघी जावा, आळीपाळीनं गळ्यात पट्टा अडकवून. तेव्हा भाकरी थापताना मी एक ओवी जुळवली होती, ती कुणाला ऐकवली नाही:

जावा जावा आम्ही, एका चुलीच्या दोन काठी
एक गं जळे पुढं, दुजी धुमसे तिच्यापाठी

"मला ऐकू यायची ती," कालिंदा म्हणते. "भाकरी थापायचा आवाज लबाड असतो. मधेमधे थांबतो."

सतरंजी ओली लागते. हात टेकते तर खाली दगड आहे. घाटाची पायरी. कृष्णेला दुसरी नदी मिळते तिथलं पाणी पायरीला चाटतं आहे आणि माझी उशी एका कपड्याच्या दगडावर ठेवलेली आहे. ऊन पाठीशी आहे. मंडळाच्या देशमाने सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऊन पाठीशी घ्या, समोरचं उजळ येईल. मी ते देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. म्हणून माझ्या प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला मीच सावली होऊन पडलेली असते, काळी, लांब, कॅमेरा धरून कोपरं बाहेर काढलेली.

"दोन कानांची कढई," कालिंदा म्हणते. हे तिचं जुनं चिडवणं.

"म्हणून तर कापते."

"कापताच की. तुमच्यासारखी भेंडीसुद्धा कुणी इतकी एकसारखी कापत नसेल."

मंडळाची एक रीत आहे. नाव फोटोच्या मागं लिहायचं, पुढं नाही. फोटो भिंतीवर लागले की लोक बघत जातात, कुणाचा असेल ते बोलतात, आणि मगच फोटो उलटा करून नाव वाचतात. कालिंदाच्या फोटोंत माणसांना डोकी नसायची. हात, पाऊल, उंबरा, खाली ठेवलेली पाटी. सासऱ्यांसमोर तिनं इतकी वर्षं मान खाली घालून काढली, की कॅमेराही तिथूनच बघायला शिकला. पहिल्या वर्षी सगळे हसले, बाईंनी मुंडकी उडवली म्हणाले. पुढं पुढं लोक दारातूनच म्हणायला लागले, "ही कालिंदा." फोटो उलटा करायची गरजच पडायची नाही.

आणि माझ्या फोटोसमोर? "चांगला आहे. कुणाचा बरं?"

तो 'बरं' अजून टोचतो.

पाण्यावर भिंती उभ्या राहतात. मंडळाचं सभागृह आहे, पण जमिनीच्या जागी नदी. माणसं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून फोटो बघताहेत. देशमाने सरांनी विजार वर दुमडली आहे. आज दुपारी मी कापलेला फोटो भिंतीवर आहे: घाटावर गोधडी पिळणाऱ्या बाईचे दोन हात. डोकं नाही, कालिंदाच्या फोटोंत नसायचं तसं. कालिंदा गेल्यापासून मी असेच काढते. पूर्वी कुणी म्हणालं नाही, पण आता म्हणतात, छान जमतंय तुम्हाला.

"ही कालिंदा," सर म्हणतात.

"कालिंदाच," सगळे म्हणतात.

"ती गेली," मी म्हणते. "हा मी काढलाय. मागं नाव बघा."

कुणी फोटो उलटा करत नाही. गरजच नाही त्यांना. मी कालिंदाकडं वळते.

"मेल्यावरही तूच का गं?"

ती रागवत नाही. पाण्यातून चालत फोटोजवळ जाते आणि मान तिरकी करून बघते, भाकरी भाजली का ते बघावं तशी.

"अक्का, ही बाई गोधडी कुणाबरोबर पिळतीय?"

"एकटीच."

"गोधडी एकटीला पिळता येते? आपण दोघी पिळायचो. तुम्ही उजवीकडं वळायचा, मी डावीकडं. मग हिचं दुसरं टोक कुठाय?"

मी बघते. गोधडीचा पीळ बाईच्या हातातून निघून खाली येतो आणि फोटोच्या कडेला तुटतो. तिथंच मी कात्री चालवली आहे.

"दुसरं टोक तिनं दगडाच्या खाचेत अडकवलं होतं," मी म्हणते. "पण त्यावर माझी सावली आली मधे."

"मधे कुठं आली? टोकावर आली."

पुन्हा घाट. सभागृह नाही, माणसं नाहीत. ऊन उतरणीला लागलं आहे. माझी सावली पायरीवरून खाली लांबत जाते, कोपरं बाहेर आलेली, जशी कुणी बाई पाय रोवून ओली गोधडी धरून उभी आहे. मी बाजूला बघते. कालिंदा माझ्याशेजारी उभी आहे आणि पायरीवर सावली एकच आहे.

"जरा हलू नका," ती म्हणते. मग माझ्या सावलीत येऊन बसते, उन्हातून आल्यावर लिंबाखाली बसावं तशी. "माझ्या फोटोंत सगळ्यांचे हात आहेत अक्का. माझा एकसुद्धा नाही. मी कुठं होते ते कुणाला कळणार? तुम्ही मात्र प्रत्येकात. कापून कापून दमलात, तरी प्रत्येकात."

"त्याचं काय कौतुक."

"कौतुक नाही. हेवा वाटतो."

"कुणाला?"

"मला. तुमचा."

मला वाईट वाटायला हवं. पण मला बरं वाटतं. इतकं बरं, की मी ते लपवायला पाण्याकडं बघते. तिला ते कळतं, तिला सगळं कळतं, आणि ती खाली बघूनच गुणगुणते. तिचा गळा माझ्यापेक्षा गोड, तो तसाच आहे:

उतरला गं दिस, भुईला आली सावली
जाता जाता माझी, तुझ्या उंबऱ्याशी ठेवली

"खोटं," मी म्हणते. "तुझी कुठं आहे?"

"तुमचीच वाढली असेल थोडी. मोजली होती का कधी?"

चुलीचा धूर येतो. स्वयंपाकघर आहे, पायरीच्या जागी पाट, आणि कालिंदा भाताचं पातेलं उघडते. वाफ वर जाते. घरातली पाकिटं ती कायम भाताच्या शितानंच चिकटवायची. राखीचं पाकीट असो नाहीतर लग्नाची पत्रिका, डिंकाची बाटली तिनं कधी आणू दिली नाही.

"भात कुठला गं? आज एकादशी."

"आमच्याकडं नसते. आमच्याकडं रोज पारणं." ती बोटावर शीत घेते, अंगठ्यानं चिरडते. "द्या इकडं ते."

"काय?"

"टोक."

"लोक हसतील, कालिंदा. कढई म्हणतील."

"म्हणू द्या. पण दारातून म्हणतील."

मला तिचा हात धरायचा आहे. त्याला पीठ आहे, शीत आहे, तो ओला आहे. धरला तर ती थांबेल की जाईल ते कळत नाही. तेवढ्यात बाहेर दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजते, आणि तिचा हात, पातेलं, वाफ, सगळं खिडकीच्या उन्हात मिसळून जातं.

मी सतरंजीवर आहे. तोंड कोरडं पडलं आहे. ऊन भिंतीवरून उतरून पाटावर आलं आहे. कात्री जराशी बाजूला सरकलेली, आणि तिच्याखाली पट्टी नाही.

पट्टी फोटोला लागलेली आहे. कड कडेला अगदी जुळलेली नाही, केसभर वाकडी आहे. वरून बाईच्या हातातला पीळ येतो, आणि खाली माझी सावली कोपरं काढून त्याचं दुसरं टोक धरून उभी आहे.

मी फोटो उलटा करते. मागं माझं नाव आहे. नावाच्या खाली, सांध्यावर, चिरडलेलं भाताचं एक शीत. सकाळी रताळी उकडली तेव्हापासून चूल गार आहे, घरात दाणाभर भात नाही. मी शिताला बोट लावते.

अजून ओलं आहे.