यांचा भांग आणि माझ्या भाऊबीजेचं हेल्मेट

माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बायका माप द्यायला येतात आणि किस्से ऐकायला बसतात. "आज काय केलं मनीच्या बाबानं?" हाच पहिला प्रश्न. घरात एक गाडी, एक इस्त्री आणि एक हट्टी माणूस असला की किस्से शोधावे लागत नाहीत, धुण्यासारखे रोज साचतात. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय मोडलेली. पण बायका म्हणाल्या, लिहून ठेव, न्हाई तर मनी मोठी झाल्यावर बापाबद्दल खरं सांगितलं तरी मानायची न्हाई.

तर हिंगोली जिल्हा झाला आणि यांची तिथल्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून बदली झाली. आम्ही कळमनुरीत. बसच्या गर्दीत इस्त्री मोडते म्हणून यांनी मोटारसायकल घेतली. वेळ वाचावा म्हणून नव्हे बरं, इस्त्री वाचावी म्हणून! पांढरा शर्ट, क्रीजची पँट, तोंड दिसेल असे बूट, आणि डोक्यावर तेल लावून पाडलेला भांग. असा सरळ की त्यातून पाटाचं पाणी सोडावं.

आणि रस्ता कसा? कापसाचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, मधूनच म्हशी. हे गेले की माझा जीव टांगणीला. संध्याकाळी फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझ्या मशीनवर सरळ टीप पडत नाही.

*

यांच्या ऑफिसात नवे साहेब आले. माणूस चांगला, पण साधा. चुरगळलेला बुशशर्ट, पायात चपला. हे आपले टेबलाशी ताठ बसलेले. खेड्यावरून कामं घेऊन आलेली माणसं दारातून आत आली की सरळ यांच्यापुढे हात जोडून उभी. साहेब बाजूला उभे राहून काहीतरी वाचत होते, तर एका म्हातारीनं त्यांनाच कोपरानं ढकललं. "सरक की बापू, साहेबाला भेटू दे."

साहेब सरकले!

मला ऐकूनच घाम फुटला. म्हटलं, साहेब आता यांची बदली कुठंतरी लांब जंगलात करतील. यांना म्हटलं, आवो, उद्यापासून जरा साधे कपडे घालून जा. तर हे म्हणाले, "मी काहून? त्यांनी इस्त्री करावी."

*

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, त्यामुळं आत्याबाईंचा सगळा जीव या एका लेकात. एवढं नटून जातो, नजर लागेल, म्हणून दर शनिवारी गाडीच्या हँडलला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधायच्या. गाडीची शोभा जाते म्हणून हे चिडायचे, पण आईपुढे बोलायची सोय नाही.

वैशाखातली गोष्ट. गाडी दिवसभर ऑफिससमोर उन्हात. बिब्बा तापला, त्याला तेल सुटलं आणि ते ठिबकलं टाकीवर. संध्याकाळी हे टाकीला मांडी लावून आरामात घरी आले. आता बिब्ब्याचा डाग म्हणजे काय? परीट कपड्यांवर खुणा करतो तो त्याच्याच तेलानं, कारण कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. मलई रंगाची नवी पँट गेली आणि मांडीवर हे मोठाले फोड आले.

मी खोबरेल लावून राहिले, हे ओरडून राहिले. आत्याबाई शांतपणे फोडांकडे बघत म्हणाल्या, "बग, केवढी नजर व्हती. बिब्ब्यानं मांडीवरच निभावली."

पुढच्या शनिवारी दोन बिब्बे बांधले.

*

रोज सकाळी मनीला टाकीवर बसवून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चक्कर मारावी लागते. त्याशिवाय ती बापाला सोडत नाही. एक दिवस मी तिचं हात-तोंड धुऊन, पुसून दिलं, आणि मी चपला घालेपर्यंत तिनं काजळाच्या डबीत पंजा घातला. कोपऱ्यावर उतरवताना तिनं बापाच्या गळ्याला मिठी मारली. मला समोरून यांची फक्त कडक कॉलर दिसली.

हे दिवसभर त्याच शर्टात ऐटीत फिरले. मागं पाठीवर पाच बोटं, अगदी रेखीव. ऑफिसात कोणी सांगेना, कारण रोज दुसऱ्यांच्या कपड्यांवर बोलणारा हा माणूस. शेवटी एक शेतकरी निघताना म्हणाला, "साहेब, तुमच्या पाठीवर शिक्का पडला, आता आमच्या कागदावर पडू द्या."

*

पण माझी खरी भांडणं हेल्मेटवरून. वारंगा फाट्याकडचा एक ओळखीचा माणूस गाडीवरून पडला आणि डोक्याला लागून गेला. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईना. यांचं उत्तर एकच. हेल्मेटनं भांग मोडतो.

भाऊबीजेला नांदेडच्या दादानं विचारलं, साडी कोणत्या रंगाची आणू? मी म्हटलं, "साडी नको. हेल्मेट आण." त्याला आधी मस्करीच वाटली. मग लालभडक हेल्मेट घेऊन आला. ओवाळणीच्या ताटात ते मावेना, म्हणून पाटावर ठेवलं. गल्लीतल्या बायका एकमेकींच्या साड्यांचे पदर बघून राहिल्या आणि मी हेल्मेट दाखवून राहिले.

माझी साडी गेली म्हटल्यावर यांना नाही म्हणता येईना. म्हणाले, गावात लोक हसतात, गाव सोडलं की घालतो. रोज हँडलला अडकवून न्यायचे, संध्याकाळी तसंच आणायचे. माझा जीव जरा खाली पडला. टीपही सरळ यायला लागली.

उन्हाळ्यात एका रविवारी म्हटलं, घामानं मळलं असेल, आतून पुसून काढावं. बघते तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. वाळून पक्कं झालेलं, वर लिंपण-बिंपण करून. मी ते तसंच यांच्यापुढे नेऊन धरलं. यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "मग? रिकामं तर न्हाई ठेवलं."

*

त्या हिवाळ्याच्या तोंडाला एकदा दिवेलागण झाली तरी यांचा पत्ता नाही. मनी रडून राहिली, आत्याबाई देवापुढे बसल्या. मी दारात उभी राहून औंढ्याच्या दिशेनं हात जोडले. "नागनाथा, यांना सुखरूप घरी आण. यांच्या डोक्याचे केस तुला वाहीन." केसच कसे तोंडात आले, त्यालाच माहीत.

थोड्याच वेळात गल्लीत ट्रॅक्टर शिरला. मागं ट्रॉलीत गाडी आडवी, आणि शेजारी हे उभे. बसले नव्हते, क्रीज मोडली असती ना! गाडी हिंगोलीच्या वेशीवरच पंक्चर झाली होती. पंक्चरवाला समोर दिसत होता. पण तिथपर्यंत ढकलत नेली तर शर्ट घामानं चिकटेल, म्हणून कळमनुरीकडं येणाऱ्या वाहनाची वाट बघत उभे राहिले!

मी रडत रडत नवसाचं सांगितलं. हे जागीच थबकले. "माझ्या केसांचा नवस तू कशी बोलली? बोलायचे तर स्वतःचे बोलायचे."

मी काही म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "बोललेला नवस फिरत न्हाई, लेका. आन् तुझ्याजवळ देवाला देन्यासारखं दुसरं हाय काय?"

सोमवारी औंढ्याला गेलो. न्हाव्यानं वस्तरा लावला तेव्हा यांनी डोळे गच्च मिटले. मनी जावळाला जेवढी रडली नव्हती, तेवढं यांचं तोंड रडवेलं झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी यांनी आपणहून हेल्मेट घातलं. दारातच! नुसतं घातलं नाही, ऑफिसात टेबलाशीसुद्धा घालून बसले. शेवटी साहेबांनी काढायला लावलं. काढलं, आणि सगळं ऑफिस गप्प झालं. बायकोनं नवस बोलला हे सांगायची यांना लाज, म्हणून हेही गप्प. लोक हसू दाबून राहिलेत असं यांना वाटलं.

संध्याकाळी दारात जीप थांबली. साहेब, शेजारच्या टेबलावरचे सोनटक्के बाबू आणि आणखी दोघं माना खाली घालून आले, सतरंजीवर बसले. मला काही उमगेना. मी आपला चहा टाकला. सोनटक्के बाबू यांचा हात हातात घेऊन म्हणाले की आईची माया काही वेगळीच असते, पण माणसानं धीर सोडू नये.

तेवढ्यात आत्याबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

सोनटक्के बाबू उठूनच उभे राहिले. साहेबांनी कप हातात घेतला, आत्याबाईंकडे बघितलं, यांच्या डोक्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग गेलं कोण?"

आत्याबाई म्हणाल्या, "केसं गेली, बाबा. साखर बराबर हाय का?"

*

केस वाढायला वेळ होता, तोवर हेल्मेट रोज डोक्यावर राहिलं. माझी टीप पुन्हा सरळ झाली. पण मी रोज यांच्या डोक्याकडे बघायची. सगळ्या बायका नवऱ्याचे केस जाऊ नयेत म्हणून झुरतात, मी वाढू नयेत म्हणून.

मग तुरीचे दिवस आले. आपल्याकडे शेतकरी तुरीची कापलेली झाडं रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी आपोआप मळणी होते. संध्याकाळी वळणावर यांच्या गाडीचं चाक त्या तुरीवरून घसरलं. हे उडून पडले ते थेट मैलाच्या दगडावर. शेतातल्या माणसांनी उचललं, पाणी पाजलं, घरापर्यंत आणून सोडलं.

शर्टाची बाही फाटलेली, पँट मातीत, बुटाचं पॉलिश खरवडलेलं. मी हातपाय चाचपून राहिले, कुठं लागलं, कुठं लागलं विचारून राहिले. हे एवढंच म्हणाले, "शर्ट गेला."

हेल्मेट काढून त्यांनी पाटावर ठेवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. माझं बोट आत गेलं. आत्याबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्री करत होते. हे आरशासमोर उभे. केस आता भांग पाडण्याइतके झाले होते. कंगवा डोक्याजवळ नेला आणि तसेच उभे राहिले. मग कंगवा परत कोनाड्यात ठेवला.

"मनीची आई, दादाला तसलंच दुसरं आणायला सांग. आन् सोमवारी औंढ्याला जाऊन येऊ."

मी म्हटलं, "आता काहून? नवस तर फिटला."

हे शर्टाच्या गुंड्या लावत म्हणाले, "या खेपेला सोनटक्के बाबूला आधीच सांगून ठेवतो. आई ठणठणीत हाय म्हणून."