साडूंचा समुद्र

अकोल्यात राहून समुद्रावर जीव टाकणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. अमरावतीहून मी त्यांच्या जठारपेठेतल्या घरी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा एखादा धक्का घेऊनच परतलो. एकदा त्यांच्या मुलीला पाहायला तेल्हाऱ्याचे पाहुणे आले होते. बोलणी रंगात आली असताना हे ओरडले, "चूप बसा सारे!" आणि खिडकीशी जाऊन मेंदीच्या कुंपणावरचा एक इवलासा पक्षी पाहत उभे राहिले. होणारे व्याही हातात पोह्यांची बशी घेऊन थिजले. तरीही सोयरीक जमली, हा दुसरा धक्का.

दर ऑक्टोबरात हे कोकणात जातात, कारण तेव्हा दूरदेशीचे पक्षी किनाऱ्यावर उतरतात. घरी पाण्याचा पेलाही जागचा न हलवणारा हा माणूस तिथे इस्त्रीच्या सदऱ्यासकट ओल्या वाळूत पालथा पडतो. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नेमकी त्याच आठवड्यात मिळाली, तर यांनी ती सरळ पुढे ढकलली! मी हादरलोच.

"दवाखाना बारा महिने उघडा रायते, साडभाऊ. पक्षी थांबते का? तुमी चला संग. तुमचे डोये चांगले हायेत."

लाल चोचीच्या एका काळ्यापांढऱ्या पक्ष्यासाठी ते कितीतरी वर्षे झुरत होते. शेवटी त्या दोघांबरोबर मीही कोकणात गेलो. परत निघायच्या दिवशी तसा एक दूर खडकावर उतरला. यांना नुसता डाग दिसला. दुर्बीण माझ्या हातात कोंबून त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"चोच लाल हाय ना?"

पक्षी पाठमोरा होता. मी नीट पाहीपर्यंत उडाला. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मागून चिमटा काढला. "हो म्हणा ना, भाऊजी!"

"चोच दिसली नाही," मी म्हणालो.

दंडावरची पकड सुटली. मेहुणी कडाडली, "काय बिघडलं असतं तुमचं?"

"त्याइले काहून बोलतं?" साडू हळूच म्हणाले. "हो म्हणनारे अकोल्यात का कमी होते? म्हणून तर याइले आणलं."

मग रुमालाने डोळे पुसून ते वाळूवर टेकले. "बरं, आता काय दिसून रायलं?"

मी दुर्बीण लावली. भरती चढत होती. पाण्याच्या कडेने बारीक पायांचे तपकिरी पक्षी पळत होते. चोची काळ्या होत्या. दिसेल तसे मी सांगत गेलो, आणि ते डोळे मिटून एकेकाचे नाव घेत राहिले.