हरळी आणि माझ्या गोळ्या

अंगणात हरळी पुन्हा वर आली आहे. मुळं खणायचा कंटाळा करून मीच ती वरवर खुरपली होती. लघवीच्या जळजळीचंही मी तेच केलं. आग थांबली की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. असं तीनदा झालं. आता डॉक्टर म्हणतात, "आजोबा, जंतू मुरलेत, गोळ्यांना दाद देत नाहीत. दहा दिवस रोज सुई घ्यायला या."

कुणाचं ऐकायचं नाही, हा माझा जन्माचा ताठा. पण घडीघडीला उठून जीव दमला.

सकाळी सून म्हणाली, "मामा, चला, मी येते संगं."

"लाज वाटती गं."

"धोतर लपवून धुता, ते मला ठाऊक नाही होय?"

मी चपला घातल्या. रस्त्यानं ती पुढं होती, मी मागं.